सकाळची नस, दुपारची नस

६ जानेवारी, सोमवार

फरक आहे. सकाळी अकराच्या सुमारास मिरजेहून लेकीचा, वै.चा, फोन. तिच्या मॅडमनी, म्हणजे पीएच.डी.च्या गाईडनी, सगळे आकडे स्वतः पुन्हा तपासले आणि पक्के केले. आटपाडीकडच्या धनगर बायकांच्या धमन्या पलूसकडच्या मराठा बायकांपेक्षा जास्त मोकळ्या होतात. पुरुषांत असा फरक नाही. फेब्रुवारीअखेर बंगळुरूच्या परिषदेत वै. हे मांडणार. निबंध स्वीकारल्याचं पत्र आधीच आलं आहे.

फोन आला तेव्हा मी पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात. निवृत्तांची रांग, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. शेजारच्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, आमच्या नसा चांगल्या निघाल्या. त्याला वाटलं माझी अँजिओग्राफी झाली. 'अभिनंदन, पण तेलकट बंदच ठेवा' म्हणाला.

बायकोला, सुमनला, संध्याकाळी पुन्हा सगळं समजावलं. हाताला पट्टा आवळायचा, पाच मिनिटं रक्त अडवायचं. पट्टा सोडला की रक्त धावतं आणि दंडातली धमनी रुंद होते. किती होते ते सोनोग्राफीत मोजायचं. जितकी जास्त, तितकं आतलं अस्तर निरोगी. बाहेरच्या देशांतल्या पुस्तकांत आपण सगळे एकाच कप्प्यात, 'दक्षिण आशियाई'. वै.चा प्रश्न एवढाच की माणदेशातला मेंढपाळ आणि कृष्णाकाठचा ऊसवाला यांना एका कप्प्यात घालायचं कशाच्या जोरावर?

सुमन म्हणाली, 'हे सगळं ठीक, पण ती जेवली का विचारलंत?' विचारलं नव्हतं.

आमची वैजू. वैजयंता. माझे वडील मेंढरांमागे कोकणात उतरायचे, पायात वहाण असली तर असली. त्यांची नात आता माणसाची नस किती उमलते ते मोजते.  

७ जानेवारी, मंगळवार

आक्काला फोन केला. माझी थोरली बहीण, आटपाडी तालुक्यात दिलेली. पहिल्या गाडीतून मिरजेला आलेल्या बायकांची पुढारी तीच. सोनोग्राफीचं मशीन खोलीबाहेर न्यायचं तर गर्भलिंग कायद्याच्या परवानग्या, म्हणून बायकांनाच पहाटे गाडीत घालून मिरजेला आणावं लागलं होतं. सगळ्या उपाशी.

'आमच्या नसा भारी?' आक्का.

'तुमच्याच.'

'माजी बी?'

'तुझी तर विशेष.'

'मग पेपरात दे की, सोपाना.'

म्हटलं, वै. नको म्हणते. परिषद होईपर्यंत एक ओळ नाही.

'पोरगी शानी हाय. तूच पैल्यापास्नं उतावळा.' मग म्हणाली, 'पर त्या दिशी मिसरी लावू दिली न्हाई तिनं. डोस्कं लय धरलं हुतं. कराडनीवानी पोरगी. आदल्या सांजंलाच दम दिला हुता, उद्या तमाखूला बोट लावायचं न्हाई म्हनून.'

कराडनी कोण, कुणास ठाऊक. लहानपणी आमच्या शाळेत एक मास्तरीण होती, बहुतेक तीच.

आक्काला गप्प बसवायला विसरलो. दुपारपर्यंत गावभर झालं असणार.

९ जानेवारी, गुरुवार

स्तंभाचा दिवस. सहाच्या आत मजकूर द्यायचा. नसांवर लिहायला बोटं शिवशिवत होती. बसस्थानकातल्या पार्किंगवर लिहिलं. पावणेसहाला दिलं.

रात्री जेवताना सुभेदारांचा फोन. वै.चे सासरे, सैन्यातून निवृत्त, पलूसला ऊस. वै.ने घरी सांगितलं, ते बरोबरच आहे. घरात लपवून कशी ठेवील.

'पावनं, लय मोकळ्या झाल्या म्हनं तुमच्या नसा.'

'मशीन म्हणतं.'

'आवं, आमच्या बायका दूध-तूप खात्यात. तुमच्याकडं टँकर आल्याबिगार चूल पेटत न्हाई. आन नसा आमच्या कडक?'

हसत होते, पण हसण्यात कचकच होती. हे लग्न ठरताना ते चार महिने तयार नव्हते. त्यांचा मुलगा अजय हटला नाही आणि वै.ही. शेवटी सुभेदार स्वतः साताऱ्याला आले आणि म्हणाले, पोरगी बघितली, आता बोलायचं काय ऱ्हायलं न्हाई. त्यानंतर त्यांनी एकदाही कमीजास्त केलेलं नाही. अजय नोकरीनिमित्त लेहला. सून घरात, आणि तिच्या अभ्यासासाठी गावातल्या बायका गोळा करून देणारे सुभेदारच. तेव्हा त्यांना लागणं साहजिक.

मलाही सुख होतं. खोटं कशाला लिहू.

१२ जानेवारी, रविवार

पलूस. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. सुमन बरोबर.

जेवणानंतर सुभेदारांनी मुद्दा काढलाच. 'वैजू, मशीन चुकलं असंल. परत मोज. पैली आपली आई.'

वै. म्हणाली, 'आबा, माझी ना नाही. एकाच माणसाची नस दोनदा मोजून सारखी येते का, हे परिषदेत विचारतातच. पाचसहा जणींचं मला करायचंच आहे.'

विहीणबाई, ताराबाई, ताटं उचलता उचलता म्हणाल्या, 'मला कशाला दोनदोनदा? एकदा हात काळानिळा झाला तेवढा बास.'

'तू चल. कुळाचा प्रश्न हाय.'

'कुळ तुमचं, हात माजा.'

सगळे हसलो. ताराबाई मात्र स्वयंपाकघरात गेल्या त्या लवकर बाहेर आल्या नाहीत. सुमनने लक्षात आणून दिलं. मला वाटलं, दमल्या असतील.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ. फोनच फोन. आक्काचाही. गावात तिला आता 'रबर' म्हणतात. खूश आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

काल विहीणबाईंना मोजलं. सकाळी जायचं ठरलं होतं, पण पहाटे गाय अडली. गोठ्यात डॉक्टर, गडी, सुभेदार, शेजारचे दोघे. विहीणबाई पहाटेपासून तिथेच, गाईच्या तोंडाशी. वासरू झालं तेव्हा ऊन चढलेलं. वै.ने उपाशी राहायला सांगितलेलं, त्यामुळे पाण्याशिवाय पोटात काही नाही. तशाच हातपाय धुऊन गाडीत बसल्या. दुपारी दोनला मिरज.

नस उत्तम. जवळजवळ आक्काइतकी.

मला ही बातमी आधी सुभेदारांनी दिली. 'बोला आता.' एवढंच आणि फोन बंद.

नंतर वै. तिचा आवाज वेगळा. 'बाबा, एकाच बाईचे दोन आकडे आणि मधे एवढी दरी. माझा हात चुकला म्हणावं तर त्याच दिवशी बाकीच्या दोघींचे पहिल्यासारखेच आले.'

म्हटलं, कुठला तरी एक खोटा असेल.

'किंवा दोन्ही खरे असतील.'

आमच्या धंद्यात दोन बातमीदार दोन आकडे घेऊन आले तर मी दोघांना परत पाठवायचो. तेच सांगितलं. तिने आधीच ठरवलं होतं. शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा. विहीणबाई 'बरं' म्हणाल्या म्हणे. कुळाचा मान राखल्यामुळे घरात भाव वाढलाय.

स्तंभ : ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. वेळेत.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी मोजलं. नस पुन्हा पहिल्यासारखी. कमी.

पुढचं वै.ने फोनवर सांगितलं, जसं आठवतं तसं लिहितो.

तिने खोलीचं दार लावून घेतलं. मदतनीस मुलीला चहाला पाठवलं. विहीणबाई पलंगावर, हातावर पट्ट्याचा वळ.

'आई, आज सकाळी काय घेतलं?'

'काय बी न्हाई. तू सांगितलं हुतंस की.'

'आणि बुधवारी, गाय व्याली त्या दिवशी?'

विहीणबाईंची मान खाली नाही. सरळ वै.कडे बघत. मग, 'त्या दिशी गोठ्यात समदे बापय हुते. मिसरी लावायला मिळाली न्हाई.'

वै.ने सगळं विचारून घेतलं.

रोज पहाटे, सगळे उठायच्या आधी, गोठ्यात. भाजलेली तंबाखू डबीत, डबी वैरणीच्या मागे. वै. त्या घरात सहा वर्षं आहे. तिला पत्ता नाही.

'आई, मी पहिल्यांदा विचारलं होतं. तंबाखू, मिसरी, तपकीर. सगळ्या नाही म्हणाल्या.'

'आमी कवा म्हनालो? तुज्या सासऱ्यानं सांगितलं, आमच्यात कुनी न्हाई. त्येच्या म्होरं कोन बोलंल?'

खरंच तसं झालं होतं. मी हजर होतो. सुभेदारांच्या सोप्यात बायका बसवलेल्या, सुभेदार उभे, हजेरी घेतल्यासारखे. वै. विचारणार तोवर त्यांनी उत्तर दिलं. पाटलांच्या, देशमुखांच्या, माजी सरपंचांच्या घरच्या बायका. त्यांनी माना हलवल्या. वै.ने तेच धरलं. घरची सून, सासरा बोलला, पुढे काय विचारणार.

आमच्या धनगर बायकांनी पहिल्याच झटक्याला सांगितलं होतं, लावतो की. चारचौघांत, हसत. म्हणून त्यांना आदल्या दिवसापासून बंदी. डोकी धरली तरी पाळली. पलूसकडच्यांना बंदीच नव्हती, कारण त्यांच्यात म्हणे कुणी लावतच नव्हतं. तंबाखूने नस काही तास आवळलेली राहते. पुरुषांत फरक नाही तोही त्यामुळेच. दोन्हीकडचे पुरुष उघड तंबाखू मळतात, दोघांनाही बंदी होती.

'अजून कोण कोण लावतं?' वै.ने विचारलं.

'न लावनारी दाव मला.'

फोन ठेवल्यावर सुमनला सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे नसा सारख्याच?' म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही अजून. आजपर्यंत जे माहीत होतं तेही गेलं.

१९ जानेवारी, रविवार

वै. साताऱ्यात. रेल्वेने आली, संध्याकाळच्या गाडीने परत. मुद्दाम एवढ्यासाठी. फोनवर सगळं सांगता येत नाही म्हणाली.

मॅडमना तिने रात्रीच सांगितलं.  मॅडम म्हणाल्या, आकडे मीही तपासले होते, आकड्यांत हे दिसणार नव्हतं. निबंधात बदल करायला परिषदेने पंधरा फेब्रुवारीपर्यंत मुदत दिलेली आहे. तोवर दोन्हीकडच्या बायकांचं सगळं पुन्हा, मिसरी बंद ठेवून, करता आलं तर जे येईल ते मांडायचं. नाही जमलं तर निबंध मागे.

'आहे तो मांडून खाली एक ओळ टाकली तर?' मी विचारलं. विचारायला नको होतं, पण बाप आहे.

'काय ओळ टाकू, बाबा? की हे सगळं बहुधा खोटं आहे?'

तीच पुढे म्हणाली,

'आणि तुम्हाला माहितीये लोक काय करतील. धनगरांचं रक्तच वेगळं, मराठ्यांचं रक्तच वेगळं. कुणाच्या तरी भाषणात जाईल. मग मी मेल्यावरसुद्धा ते निघणार नाही.'

हे मी चाळीस वर्षं बघत आलोय. दुरुस्ती आतल्या पानावर, तळाला, आणि ती कुणी वाचत नाही.

खरी अडचण वेगळीच. पुन्हा मोजायचं तर पलूसच्या बायकांनी आधी 'लावतो' म्हणायला हवं. आधी विहीणबाईंनी. आणि त्यांनी म्हणायचं तर सुभेदारांना कळणार. सुभेदार गावच्या व्यसनमुक्तीच्या फलकावरचं पहिलं नाव. आमच्या घरात तंबाखूचं नाव नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी दहादा ऐकलंय.

वै. त्यांना सांगणार नाही. 'आईंनी मला विश्वासाने सांगितलंय. त्यांनी म्हटलं नाही तर मी निबंध मागे घेईन, मागे का घेतला ते लिहिणार नाही.'

विचारलं, वाईट वाटतंय का?

'वाटतंय. जेवायला वाढा.'

तीन भाकरी खाल्ल्या. स्टेशनवर सोडून आलो. गाडी सुटल्यावर उगाच फलाटावर थोडा थांबलो. सहा तारखेला मला मुलीचा अभिमान वाटला होता. आज वाटतोय त्यापुढे तो काहीच नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सुभेदार दारात. सैनिक बोर्डात काम होतं म्हणाले. कागद पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत.

चहा झाला. मग, 'तुमाला ठाव हाय न्हवं?'

म्हटलं, काय?

'राहू द्या. बातमीदार हाय तुमी, तोंडावर दिसतंय.'

सोमवारी सकाळी विहीणबाईंनी स्वतःच सांगितलं. गोठ्यातून डबी आणली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली. सुभेदारांनी आवाज चढवला. त्यावर विहीणबाई काय म्हणाल्या ते त्यांनीच मला सांगितलं, शब्दाला शब्द. वाटतं, दोन दिवस तेच डोक्यात घुमत असणार.

'तुमी मिल्ट्रीत. म्या हितं. सासू आंथरुनावर, तीन पोरं, चार जनावरं. पाटंचं जरा मिसरी लावत बसायची, तेवढाच माजा टाईम हुता. तवा कोन हुतं इचारायला? आता इचारताय ते सुनंसाठी सांगते. तुमच्यासाठी न्हाई.'

 सुमन आतून ऐकत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

मग सुभेदार हळूच म्हणाले, 'पावनं, मला वास येत हुता.'

'कधीपासून?'

'पेन्शनीत आल्यापास्नं. आवं, वास कुठं लपतोय? गोठ्यातनं आली की कळायचं. म्हटलं, असू द्या. फलकावर नाव माजं हाय, तिचं न्हाई.'

हसू आलं दोघांनाही. पण नंतर ते गंभीर झाले. 'त्या दिशी सोप्यात म्या न्हाई म्हनलो. ठाव असून म्हनलो. चारचौघांत बायकूचं नाव कशाला, असं वाटलं. पोरीचं काम त्यामुळं बसलं, ते डोस्क्यात आलं न्हाई.'

जाताना दाराशी, 'आता म्या काय करू, तेवढं सांगा.'

म्हटलं, आता तुम्ही काही करू नका. बायकांना त्यांचं त्यांना बोलू द्या.

'जमंल,' म्हणाले. मग थोड्या वेळाने, 'अवघड हाय.'

२३ जानेवारी, गुरुवार

स्तंभात काय लिहावं सुचेना. धंद्यात पहिल्यांदाच असं नाही, पण क्वचित. शेवटी बायकांच्या दुपारच्या वेळेवर लिहिलं : गावात कुठल्या बाईला कुठे बसायला मिळतं, पार कुणाचा, कट्टा कुणाचा. मिसरीचं नाव नाही. संपादकाचा फोन, हे कुठून आलं? म्हटलं, घरातून.

२४ जानेवारी, शुक्रवार

पलूसला विहीणबाईंचं हळदीकुंकू. सुमन गेली. मला अर्थात प्रवेश नाही. सुभेदारांनाही नाही, ते उसाच्या फडावर जाऊन बसले होते म्हणे.

सुमन रात्री आली ती बोलतच.

पन्नासेक बायका. तिळगूळ, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. ओट्या भरून झाल्यावर विहीणबाई उभ्या राहिल्या. वै. कोपऱ्यात, तिला बोलायचं नाही असं विहीणबाईंनी बजावलेलं.

'बायांनो, म्या मिसरी लावते. माज्या सुनंनं मिशनीत बघितलं, मिसरी लावली की नस आवळती. न्हाई लावली की खुलती. माजीच नस दोनी बाजूनं बघितली. आता आपल्या समद्यांची परत बघायची हाय. लावत असंल तिनं हात वर करावा. हितं बापय कुनी न्हाई.'

कुणी हलेना. 

मग मागून माजी सरपंचीणबाई : 'ताराक्का, येवढं ठाव हुतं तर वाट्या कशाला दिल्या? वाण म्हनून मिसरीची पुडीच द्यायची की.'

एकदम हशा. आणि तिचाच हात पहिला वर. मग जावेचा. मग एकेक. एक सून सासूकडे बघत होती, सासूने आपला हात वर करून हिचाही धरून वर केला. 'मला काय ठाव न्हाई व्हय?' म्हणे.

वै. हात मोजत नव्हती. रडत होती, असं सुमन म्हणाली. वै.ला विचारलं तर म्हणाली, धूर होता, उदबत्तीचा.

सगळ्या मात्र येतीलच असं नाही. हात वर करणं वेगळं आणि सकाळी मिसरीविना घराबाहेर पडणं वेगळं. एकीने स्पष्ट सांगितलं, 'मिसरी लावल्याबिगार मला परसाकडं हुईत न्हाई. गाडीत काय करू?' दुसरी म्हणाली, तोंड न धुता परगावी जायचं म्हणजे पारोशानं देवळात गेल्यासारखं. वै.ने मीठपाण्याने चूळ भरायची परवानगी दिली. त्यावर बरीच घासाघीस झाली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. नंतर आक्काला फोन. हे काम टाळत होतो.

सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग, 'म्हंजी आमी हरलो व्हय?'

'तुम्ही हरला नाहीत. मोजणंच चुकलं होतं. तुम्ही खरं बोललात, तेवढं मात्र कागदावर राहणार.'

'त्येचं काय कवतिक? मिसरी लावतो ती लावतो म्हनलो.' मग, 'त्या बायांला घरात लावायची चोरी? बया बया. येवढी वाडं-वावरं, आन गोठ्यात जाऊन लावायची?'

हे ऐकून मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. आमच्याकडे पाणी नाही, वावरं खडकाळ, पण आक्काने मिसरी कधी लपवली नाही. अंगणात पाय पसरून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. ताठ. हा मोठेपणा नसेतही असेल का, असा एक विचार येऊन गेला. वै.ला सांगितला नाही. ती म्हणाली असती, मोजून दाखवा.

'परत यायचं का?' आक्काने विचारलं.

'येशील?'

'येतो की. आमी हाय तशाच हाय. परत बगा म्हनावं.'

२९ जानेवारी, बुधवार

वै.ने सगळं नव्याने बांधलं. आता दोन्हीकडच्या बायका एकाच दिवशी, मिसळून. आदल्या संध्याकाळपासून मिसरी नाही, हे प्रत्येकीला एकटीला विचारायचं, खोलीत, दार लावून. मोजणारीला कळता कामा नये की दंड कुणाचा. म्हणून पडदा, हात तेवढा पडद्याबाहेर.

म्हटलं, आक्काच्या हातभर गोंदण आहे, तिला कुणीही ओळखेल.

'ते आलं लक्षात. फडकं गुंडाळायचं. आणि पलूसच्या बायकांच्या हिरव्या बांगड्यांवरही.'

मॅडम स्वतः येणार आहेत, नोंदी घ्यायला. खोलीत पुरुष एकही नाही. सुभेदारांनी गाडीचं काम मागून घेतलं. वै.ने अट घातली : गाडी चालवायची, बोलायचं नाही.

निकाल काय येईल असं विचारलं. म्हणाली तीन गोष्टी होऊ शकतात. फरक जाईल. फरक थोडा राहील, मग तो खरा असू शकतो, आणि त्याचं कारण रक्तात की उन्हात की चालण्यात हे पुढच्या पाच वर्षांचं काम. किंवा उलटाच निघेल.

'तुला काय हवंय?'

'मला माझ्या मोजण्यावर भरवसा हवाय.'

१ फेब्रुवारी, शनिवार

आटपाडी. आक्काकडे संध्याकाळी पोहोचलो, उद्या गाडीबरोबर जाण्यासाठी. अंगणात बायका जमल्या आहेत, सगळ्यांचा चेहरा पडलेला. दुपारी शेवटची मिसरी लावून झाली. एक म्हातारी म्हणते, 'या पोरीनं आमास्नी दोनदा उपाशी ठिवलं, आता तिला जेवाय बोलवा आन उपाशी ठिवा.' आक्का कुणाला तरी झापतेय : 'डबी हितं ठिव म्होरं. चोळीत न्हाई, म्होरं.'

सातच्या सुमारास वै.चा फोन. मशीन तपासून ठेवलं. पलूसच्या सतरा जणींनी हो म्हटलंय. खरंच किती बसतील ते गाडीपाशीच कळेल, निम्म्या बसल्या तरी तिचं काम होतं. सरपंचीणबाईंचा मुलगा दुपारी येऊन गेला, 'आमच्या आईचं नाव नको' म्हणाला. त्याच्या मागोमाग बाई स्वतः आल्या आणि विचारून गेल्या, गाडी कितीला.

सुभेदारांशीही दोन मिनिटं बोललो. गाडीत डिझेल भरलंय, चादरी टाकल्यात. विहीणबाई मिसरीविना चिडचिड्या झाल्यात, दुपारपासून दोनदा त्यांच्यावर ओरडल्यात, आणि सुभेदार एकदाही उलट बोललेले नाहीत. 'तिसऱ्यांदा वराडली तर गोठ्यात जाऊन बसीन,' म्हणाले.

इथून गाडी चारला निघेल, तिथून साडेपाचला. सातपर्यंत दोन्ही मिरजेत. चिठ्ठ्या टाकून क्रम मॅडम ठरवणार. पहिला दंड विहीणबाईंचा की आक्काचा, ते वै.ला कळणार नाही. आकडे लगेच कुणाला सांगायचे नाहीत, सगळ्यांचं होईपर्यंत. कुठला दंड कुणाचा ते लिहिलेली पाकिटं मॅडम उघडतील ती दुपारी, जेवणं झाल्यावर. मी दाराबाहेरच्या बाकावर असेन, सुभेदारांच्या शेजारी.